नीरब्राह्मी : खान्देशच्या उन्हाळ्यात तगणारी फिश टँकमधील वनस्पती

फिश टँकमधील वनस्पतींविषयी जी माहिती सर्वत्र मिळते, ती बहुधा २२ ते २६ अंश तापमानाचे, मऊ पाणी गृहीत धरून लिहिलेली असते. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, घरातल्या माणसांनाच रात्री झोप लागत नाही, आणि बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी चित्रात सुंदर दिसणारी वनस्पती आणून लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच होय. मी पहिल्या वर्षी तेच केले. तळाशी हिरवळीसारखी पसरणारी, मुगाच्या दाण्याहूनही बारीक पानांची एक वनस्पती दुकानातून आणली, हिवाळाभर ती छान पसरली, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास टँकमधले पाणी ३४ अंशांवर गेल्यावर आठवडाभरात तिचा लगदा झाला. त्यानंतर मी जी वनस्पती निवडली आणि आजवर टिकवली, ती आपल्याच मातीतली नीरब्राह्मी होय. दिवे आणि खते यांची चर्चा फार होते, परंतु आपल्याकडे या वनस्पतीचे भवितव्य तापमान आणि पाण्यातील क्षार या दोनच गोष्टी ठरवतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढील लेखात या दोहोंना जास्त जागा दिली आहे.

ओळख आणि रोप मिळवणे

नीरब्राह्मीचे शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. भारतभर पाणथळ जागी, तळ्याच्या काठाने, पाटाच्या ओलसर कडेने ती जमिनीसरशी पसरते. पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यांना देठ जवळजवळ नसतो, आकार लहान चमच्यासारखा, लांबी एक ते दोन सेंटीमीटर, आणि बोटांत धरल्यास पान मांसल लागते. फुले बारीक, पाच पाकळ्यांची, पांढरी किंवा फिकट जांभळट असतात.

येथे दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला नावाचा : मंडूकपर्णीलाही अनेक जण ब्राह्मीच म्हणतात, पण तिचे पान गोलसर, कडेला दातेरी आणि लांब देठावर असते. दुसरा घोटाळा दिसण्याचा, आणि तो भाजी ओळखणाऱ्या माणसाचाच होतो. घोळ आणि चिवळ यांचीही पाने मांसल असल्यामुळे नुसत्या फांदीवरून फसगत होऊ शकते. घोळीची खोडे बहुधा तांबूस, आणि घोळ व चिवळ या दोहोंची फुले पिवळी असतात. शंका असल्यास फूल येईपर्यंत थांबावे, कारण घोळ पाण्याखाली लावली तर ती काही दिवसांत कुजते आणि सगळे पाणी नासवते.

रोप शक्यतो रोपवाटिकेतून किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून घ्यावे. पाटाच्या कडेचे उपटून आणायचेच असेल, तर वरच्या शेतात कपाशी किंवा केळी आहे काय, आणि तिथे नुकतेच तणनाशक वा कीटकनाशक फवारले आहे काय, हे आधी पाहावे. फवारणीचा अंश पानांबरोबर टँकमध्ये आला तर मासे वाचत नाहीत.

आणलेले रोप त्याच दिवशी टँकमध्ये लावू नये. आधी वाहत्या पाण्याखाली एकेक फांदी बोटांनी चोळून धुवावी. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात ते दोन ते तीन तास बुडवून ठेवावे आणि पुन्हा स्वच्छ धुवावे. यामुळे बारीक गोगलगायी बहुतांशी मरतात, तथापि त्यांची अंडी काही वेळा टिकतात. त्यानंतर पांढऱ्या बादलीत, खिडकीजवळच्या उजेडात, दोन ते तीन आठवडे रोप वेगळे ठेवावे आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. पांढरी बादली मुद्दाम सांगतो. तळाशी हलणारी जळू किंवा चतुराची करड्या रंगाची अळी पांढऱ्यावर चटकन दिसते. चतुराची अळी ही गप्पी माशांच्या पिलांची शत्रू आहे. एकच अळी आत गेली तरी पिले एकेक करून नाहीशी होतात आणि कारण कळत नाही.

टँक, जागा आणि तळ

सुरुवातीला ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३८ उंच असा टँक पुरेसा आहे. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात सुमारे ५० लिटर पाणी मावते. याहून लहान टँक उन्हाळ्यात फार लवकर तापतो, म्हणून स्वस्त पडतो तरी तो घेऊ नये.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली टाळावी. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि टँकला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ज्यांचे जुने धाब्याचे घर अजून उभे आहे, त्यांनी टँक बिनदिक्कत मधल्या खोलीत ठेवावा. तेथील जाड मातीचे छत कोणत्याही उपकरणापेक्षा चांगले काम करते.

तळासाठी दोन ते तीन मिलिमीटर दाण्याची नदीची वाळू घ्यावी. ती बारीक चाळणीने चाळून पीठ काढून टाकावे आणि बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. याला दहा-बारा पाणी सहज लागतात. धुतलेल्या वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसून बुडबुडे आले तर वाळूत चुनखडीचे कण आहेत, आणि ते आधीच जड असलेले पाणी आणखी जड करतील. वाळूचा थर मागे सात आणि पुढे चार सेंटीमीटर ठेवावा.

शेतातली काळी माती वापरण्याचा मोह आपल्या भागात प्रत्येकाला होतो. तो आवरावा. काळी कसदार असली तरी ती पाण्यात फुगते, जरासे हलवले की आठ-आठ दिवस पाणी गढूळ ठेवते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. नीरब्राह्मीला तळातून फारसे अन्न लागत नाही, कारण ती पानांवाटेही पाण्यातील अन्नद्रव्ये घेते.

पाणी

जड पाणी नीरब्राह्मी सोसते. तिला किंचित मचूळ पाणीही चालते. तरीही बोअरचे पाणी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर ८०० च्या पुढे दाखवत असेल, तर ते आणि आरओचे पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. नुसते आरओचे पाणी भरू नये, कारण त्यात वनस्पतीला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ उरत नाही. नगरपालिकेचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की त्यातील क्लोरीन बहुतेक उडून जाते. घाई असल्यास दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे खडे बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वापरावेत.

आता एक हिशेब, जो मी स्वतः दोन उन्हाळे चुकलो. एप्रिल-मे मध्ये उघड्या टँकमधून रोज दीड लिटर पाणी सहज उडते. उडते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. ५० लिटरच्या टँकमध्ये ८०० टीडीएसचे पाणी आहे आणि घट भरून काढायला तुम्ही तेच बोअरचे पाणी ओतत राहिलात, तर महिनाभरात सुमारे ४५ लिटर पाण्याचे क्षार आणखी जमा होतात आणि टीडीएस जवळजवळ दुप्पट, १५०० च्या आसपास पोहोचतो. टँक तर काठोकाठ भरलेला दिसतो, म्हणून संशय येत नाही. फक्त काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरी कड जाड होत जाते. म्हणून नियम असा ठेवावा : उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी, आणि आठवड्यातून एकदा १० ते १२ लिटर पाणी काढून त्या जागी मिश्र पाणी. आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे पाणी यातील कशालाच वापरू नये, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

पाणी बदलण्याची वेळ उन्हाळ्यात पहाटेची असावी. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते. बादली आदल्या रात्री भरून घरातच ठेवणे सर्वांत सोपे.

लावणी कधी आणि कशी करावी

दसऱ्यानंतर ते दिवाळीच्या आसपास लावणी करावी. तेव्हा पाणी २५-२६ अंशांवर येते आणि रोपाला मुळे धरून जोम घ्यायला उन्हाळ्यापूर्वी चार-पाच महिने मिळतात. थंडीत रात्रीचे पाणी १८ अंशांपर्यंत उतरले तर वाढ मंदावते, पण रोपाला इजा होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये नव्याने लावणी करू नये.

धारदार कात्रीने १० ते १२ सेंटीमीटर लांबीचे शेंडे कापावेत. कापताना पेराच्या, म्हणजे पानांची जोडी जिथे फुटते त्या गाठीच्या, लगेच खाली कापावे, कारण मुळे पेरापासूनच फुटतात. खालच्या दोन-तीन जोड्यांची पाने अलगद खुडावीत. ती वाळूत गाडली गेली तर कुजतात. दुकानातून येणाऱ्या जुडीला तळाशी शिशाची पट्टी किंवा स्पंज गुंडाळलेला असतो. तो काढून टाकलाच पाहिजे. जुडी तशीच लावली की आतल्या फांद्यांना उजेड मिळत नाही, त्या आतून सडतात आणि बाहेरून मात्र पंधरा दिवस सगळे ठीक दिसते.

टँकमध्ये आधी वीतभरच पाणी भरावे. लांब चिमट्यात एकच फांदी तिच्या बुडाशी धरून वाळूत तिरकी, साधारण ४५ अंशांच्या कोनात, तीन सेंटीमीटर खोल खुपसावी. मग चिमट्याची पकड सैल करून, तो किंचित फिरवत बाहेर काढावा. सरळ वर ओढला की फांदीही बरोबर येते. पहिल्या दिवशी हे दहा वेळा होणार, हे धरूनच चालावे. फांदी तिरकी असल्यामुळे वरची वाळू तिला दाबून ठेवते. दोन फांद्यांमध्ये दोन ते तीन सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि मागच्या बाजूने पुढे येत लावावे. सगळे लावून झाल्यावर वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू उरलेले पाणी ओतावे, म्हणजे लावणी उखडत नाही.

सात ते दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. याच काळात एक गोष्ट होते, जिला घाबरून अनेक जण रोप फेकून देतात : जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात. रोपवाटिकेत नीरब्राह्मी बहुधा हवेत वाढवलेली असते. हवेतील जाड पान पाण्याखाली नीट काम करू शकत नाही, म्हणून ती वनस्पती ते टाकून पातळ, किंचित मोठे, फिकट हिरवे पान काढते. शेंडा ताठ आणि हिरवा असेल तर रोप जिवंत आहे. गळलेली पाने जाळीने रोज उचलावीत आणि तीन आठवडे काहीही उपटून पाहू नये.

उजेड, खत

६० सेंटीमीटरच्या टँकला १५ ते २० वॅटचा, ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी दिवा पुरतो. पहिले दोन आठवडे रोज सहा तास, पुढे आठ तास. उजेड कमी पडला तर दोन पेरांमधले अंतर वाढते, फांदी लांबुडकी होते आणि खालची पाने झडतात. खिडकीचे थेट ऊन मात्र नको. ते शेवाळ आणि उष्णता दोन्ही आणते. वीज वारंवार जात असेल तर चकतीचा टायमर घेऊ नये, कारण वीज गेली की त्याची चकतीही थांबते आणि दिव्याची वेळ रोज पुढे सरकते. बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ चुकवत नाही.

पाच-सहा गप्पी किंवा मॉली असतील तर त्यांच्या विष्ठेतून नत्र पुरेसे मिळते. जड पाण्यात खरा प्रश्न लोहाचा असतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पिकांवर केवडा पडतो, नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तसाच तो टँकमध्येही पडतो, आणि कारणही तेच : विम्लधर्मी (अल्कधर्मी) पाण्यात साधे लोह खाली बसते, वनस्पतीला मिळत नाही. यावर मत्स्यालयासाठीचे चिलेटेड (अशा पाण्यातही विरघळलेले राहणारे) लोह असलेले द्रवखत आठवड्यातून एकदा, लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे द्यावे. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडू लागली तर पालाश कमी आहे असे समजावे.

घरात शेती असली की खतांच्या पिशव्या हाताशी असतात, म्हणून स्पष्ट लिहितो. फवारणीचे ग्रेड दोनचे सूक्ष्मअन्नद्रव्य टँकमध्ये टाकू नये. त्यात तांबे असते आणि ते गोगलगायी व कोळंबीला मारते. युरिया तर मुळीच नको. त्यापासून अमोनिया तयार होतो, आणि विम्लधर्मी, गरम पाण्यात अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. म्हणजे आपल्याकडचे पाणी या बाबतीत सर्वांत वाईट. शेवाळासाठी मोरचुदाचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नये. शेवाळ आले तर दिवा दोन तासांनी कमी करावा, धाग्यासारखे शेवाळ जुन्या दातघासणीवर गुंडाळून काढावे आणि माशांना टाकायचे खाद्य निम्म्यावर आणावे. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीची या वनस्पतीला गरज नाही.

आखाजीच्या आधीची तयारी

पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले की वाट न पाहता उपाय सुरू करावेत. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथे वापरायचे आहे. टँकचे काचेचे झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणावी, नाहीतर मासे उडी मारतात. मग जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालेल असा बसवावा. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. पंख्याच्या वायरला प्लगच्या खाली झोल ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोलातून खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही.

त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालत असेल आणि खिडक्या बंद असतील, तर हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. एक खिडकी उघडी ठेवावी. पावसाळ्यातही याच कारणाने पंखा निरुपयोगी ठरतो, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही.

बर्फाच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. अर्धा लिटर बर्फ पूर्ण वितळला तरी ५० लिटर पाणी जेमतेम एका अंशाने उतरते, आणि तासाभरात ते पुन्हा चढते. एवढ्यासाठी माशांना धक्का कशाला द्यायचा?

उन्हाळ्यात दिवा दुपारी लावू नये. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा अशी सहा तासांची वेळ ठेवावी. उष्णतेत वनस्पतीचे श्वसन वाढते, तिची वाढ होत नाही, म्हणून खतही निम्मे करावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू द्यावा.

छाटणी आणि राखीव रोप

साधारण तीन ते चार आठवड्यांनी फांद्या पाण्याच्या वर पोहोचतात. पेराच्या किंचित वर कापावे. त्या पेरातून दोन नवे फुटवे येतात आणि झुडूप दाट होते. कापलेले शेंडे पुन्हा लावता येतात. सर्व फांद्या एकाच दिवशी कापू नयेत, निम्म्या आज आणि निम्म्या पंधरा दिवसांनी. दोन-तीन छाटण्यांनंतर खालचा भाग उघडा आणि काळपट होतो. तेव्हा बुडखे उपटून टाकावेत आणि ताजे शेंडे लावावेत. ही मोठी लावणी फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत उरकावी.

छाटलेली पाने कोणी औषध म्हणून चघळू नयेत. ही वनस्पती पाण्यातील जड धातू स्वतःत साठवते, शिवाय माशांसाठी टाकलेल्या औषधांचा अंशही तिच्यात असू शकतो.

दहा-बारा शेंडे मात्र दर वर्षी टँकच्या बाहेर राखून ठेवावेत. पसरट घमेल्यात चार बोटे गाळाची माती आणि वाळू निम्मी-निम्मी मिसळून भरावी, तिच्यावर बोटभर पाणी राहू द्यावे, शेंडे आडवे टाकून पेरे मातीत दाबावीत आणि घमेले हिरव्या शेडनेटखाली, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवावे. मे महिन्यात त्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागते. माझ्याकडे हे काम नातवाकडे आहे आणि तो विसरला की संध्याकाळी पाने मऊ पडलेली दिसतात, तरी पाणी मिळताच रात्रीतून सावरतात. मृगाच्या सरी आल्या की घमेल्यातील नीरब्राह्मी कडांवरून खाली लोंबू लागते आणि तिला पांढरी फुले येतात. टँकमधली रोपे उन्हाळ्याने नेली असली, तर दसऱ्याला याच घमेल्यातून शेंडे कापायचे असतात.